अंगणातलं अँडरसन शेल्टर पुन्हा उभं करताना: ओळखीपासून माती भरण्यापर्यंतचा क्रम

इंग्लंडमध्ये हॅरो, हाउन्स्लो, स्लाउ, लेस्टर अशा भागांत दुसऱ्या महायुद्धाआधीचं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मागच्या अंगणात झुडपांखाली पन्हळी पत्र्याची कमान अर्धी मातीत गाडलेली आहे, तिचं काय करायचं? ती कमान म्हणजे बहुधा अँडरसन शेल्टर, दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यापासून बचावासाठी घरोघरी अंगणात अर्धं गाडून उभारलेला निवारा. हा प्रश्न विचारला जाईपर्यंत बहुतेक वेळा पहिली चूक होऊन गेलेली असते. कुणी वरची माती ओढून काढलेली असते, कुणी जुने नट-बोल्ट भंगारात दिलेले असतात, तर कुणी पत्रे लखलखीत घासून त्यांच्यावरचा जस्ताचा मुलामाच घालवलेला असतो.

या सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे. लोक याला पत्र्याची शेड समजतात. स्फोटाचा दाब आणि उडणारे तुकडे अडवण्याचं काम मुख्यतः माती करायची. पत्र्याची कमान ती माती तोलून धरायची आणि आत माणसांना जागा द्यायची. म्हणून दुरुस्तीचं सगळं वेळापत्रक मातीभोवती बांधायचं. ती कधी हलवायची, कुठल्या बाजूने हलवायची आणि परत कशी टाकायची, हे आधी ठरवा. पत्र्यांचं काम त्यानंतर.

## टप्पा १: नक्की काय सापडलंय ते ठरवा

सहा माणसांच्या ठरावीक संचात १४ पत्रे असत. त्यांतले सहा खाली सरळ आणि वर वळलेले असतात. असे दोन पत्रे समोरासमोर उभे करून माथ्यावर बोल्टने जोडले की एक कमान होते, आणि अशा तीन कमानी एकापुढे एक लागतात. बाकीचे पत्रे पुढच्या आणि मागच्या भिंतीचे. लांबी साडेसहा फूट, रुंदी साडेचार फूट, उंची सहा फूट. मोठ्या कुटुंबांसाठी जादा कमानी जोडून लांबी वाढवलेली असायची, तेव्हा फक्त लांबी जुळत नाही म्हणून "हे ते नव्हे" असं ठरवू नका. रुंदी आणि माथ्यावरचा जोड पाहा.

खिशात एक लोहचुंबक ठेवा आणि पत्र्याला लावून बघा. चिकटला तर पोलाद. चिकटला नाही आणि पत्रा राखाडी, जाडसर, कडांना ठिसूळ दिसत असेल, तर ते ॲस्बेस्टॉस सिमेंट असण्याची दाट शक्यता आहे. ब्रिटनमध्ये जुन्या शेडना आणि गॅरेजना असे पन्हळी पत्रे सर्रास वापरलेले आहेत. ते फोडू नका, घासू नका, त्यांना भोक पाडू नका. कौन्सिलला विचारून जाणकाराकडूनच ते काढून घ्या.

आणखी चार शक्यता लक्षात असू द्या.

शेल्टर जमिनीच्या वर, कोरडं उभं असेल तर ते युद्धानंतर उपटून शेड म्हणून पुन्हा लावलेलं असतं. त्याचा मूळ खड्डा त्याच अंगणात दुसरीकडे बुजवलेला असू शकतो. तिथली जमीन बसकी असते आणि पावसात आधी तिथेच पाणी साचतं.

कधी पत्रा अजिबात नसतो, फक्त जमिनीत काँक्रीटचं चौकोनी टाकं सापडतं. अशा टाक्याच्या कडेवरून हात फिरवून बघा. काँक्रीटवर पन्हळींचे उभे वळ उमटलेले असतील तर ते अँडरसनचंच अस्तर आहे. खड्ड्यात पाणी साचायचं म्हणून आतून काँक्रीट ओतून घेतलेलं असे. पुढे पत्रा गेला आणि वळ राहिले. हे टाकं फोडू नका, तोच तुमचा पुरावा आहे.

विटांच्या भिंती आणि वर काँक्रीटची सपाट लादी असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. १९४० मध्ये सिमेंटची टंचाई असताना विटांची काही शेल्टरं नुसत्या चुन्याच्या सांध्यात बांधली गेली आणि ती धोकादायक ठरली. वर जड लादी आणि खाली कमजोर सांधे, अशा बांधकामाची एक वीटही स्वतः काढू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

गॅरेजमध्ये कामाचं टेबल म्हणून वापरात असलेला पोलादी पिंजरा मिळाला, साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच, तर ते मॉरिसन शेल्टर. मार्च १९४१ पासून घरात वापरण्यासाठी ते दिलं जाऊ लागलं. सुट्या ३५९ भागांचा संच होता तो, म्हणून आसपासच्या अडगळीतली एकही जाळी किंवा पट्टी पटकन टाकून देऊ नका. बाकी त्याची जोडणी वेगळी आहे, इथे तिच्यात शिरत नाही.

## टप्पा २: आत पाऊल टाकण्याआधी

बॉम्ब किंवा गोळ्यासारखं काहीही दिसलं तर स्पर्श करू नका, धुवू नका, हलवून फोटो घेऊ नका. दूर व्हा आणि ९९९ ला फोन करा. पोलीस पुढची व्यवस्था करतात.

जुना गॅस मास्क सापडला तर तो मुलांच्या हाती देऊ नका. शाळेत "वर्ल्ड वॉर टू" हा विषय सुरू असला की हा मोह फार होतो. त्या काळच्या मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने शाळांना असे मास्क घालायला देऊ नका, असं बजावलेलं आहे. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून वेगळा ठेवा आणि कौन्सिलला विचारा.

आत वटवाघळं असतील, किंवा साचलेल्या पाण्यात ग्रेट क्रेस्टेड न्यूट (सरड्यासारखे दिसणारे उभयचर) असतील, तर काम तिथेच थांबवा. दोन्हींना कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांची जागा मोडणं हा गुन्हा ठरतो. आतून जुना रंग लावलेला असेल तर त्यात शिसं असू शकतं, तेव्हा तो कोरडा खरवडू नका.

तपासा: जाड हातमोजे, बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेत घेतलेलं, आणि बाहेर उभा असलेला दुसरा माणूस. यातलं एक जरी नसलं तरी आत जायचं नाही.

## टप्पा ३: नोंद, आणि नोंद होईपर्यंत काहीही हलवायचं नाही

हाच टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. झुडपं मुळासकट उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं मातीला धरून असतात. मग चारही बाजूंनी आणि आतून, मोजपट्टी चौकटीत दिसेल असे फोटो घ्या. माथ्यावर मातीचा थर किती, बाजूंना किती, दार कुठल्या दिशेला, घराच्या भिंतीपासून किती अंतरावर, हे कागदावर मापासहित काढा.

प्रत्येक पत्र्याला क्रमांक द्या. दारातून आत बघताना जो डावा तो डावा, असा एकच नियम ठेवा. कामाला दोघे असतील आणि एक जण बाहेरून बघून डावं-उजवं लिहीत असेल, तर जोडणीच्या दिवशी एकही भोक जुळणार नाही. क्रमांक खडूने लिहू नका, पावसात जातो. ॲल्युमिनियमची छोटी पट्टी तारेने बोल्टच्या भोकात अडकवा.

कौन्सिलच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्ड (भागातल्या ऐतिहासिक वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या) विभागाला ईमेल करून फोटो आणि मापं कळवा. तुमचं शेल्टर किंवा घर संरक्षित यादीत आहे का, हे नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंडवर बघून घ्या. असेल तर परवानगीशिवाय पुढचा टप्पा नाही.

## टप्पा ४: पाणी आणि गाळ

लंडनच्या चिकणमातीत हे खड्डे पाण्याने भरायचेच. युद्धातही लोकांची सगळ्यात मोठी तक्रार तीच होती. आत पाणी असेल तर पंप लावून तासाभरात कोरडं करू नका. बाहेरची माती भिजलेली असताना आतलं पाणी एकदम गेलं की बाजूच्या पत्र्यांवर बाहेरूनच दाब राहतो आणि गंजलेला पत्रा आत फुगतो. कोरडा हंगाम निवडा, पाणी थोडं थोडं उतरवा, आणि प्रत्येक वेळी आतली रुंदी तीन ठिकाणी मोजा. माप कमी होतंय असं दिसलं तर थांबून आतून लाकडी टेकू द्या.

गाळ फावड्याने उपसू नका. थापीने थर काढा आणि बादलीतला गाळ चाळणीतून जाऊ द्या. सुटलेले बोल्ट, वायसर, बाकाच्या लाकडाचे तुकडे, कधी जुना पान्हा, हे सगळं याच गाळात असतं. एखाद्या कोपऱ्यात खोलगट भाग लागला तर तो बुजवू नका. पाणी गोळा करून डब्याने काढण्यासाठी मुद्दाम केलेला तो खड्डा असतो आणि तुम्हालाही तो लागणारच आहे.

## टप्पा ५: लोखंड तपासा आणि मग निर्णय घ्या

गंज सगळीकडे सारखा नसतो. माथ्यावरचा पत्रा दिसायला वाईट असतो, पण खरा घात जमिनीच्या रेषेवर होतो. हवा आणि ओल दोन्ही एकत्र मिळणारी ती सहा-आठ इंचांची पट्टी. तिथे लहान हातोडीने हलकं ठोका. चांगला पत्रा खणकतो, खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. बद्द वाजला त्या जागी जुना स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबा. तो आरपार गेला किंवा पापुद्रे सुटले, तर खडूने वर्तुळ करा. सगळी फेरी झाली की वर्तुळं मोजा.

माझं स्पष्ट मत असं की मूळ खड्ड्यात उभं असलेलं, कमान न वाकलेलं शेल्टर सुटं करूच नये. पाण्याची वाट करून द्या, गंजाला आवर घाला, माती होती तितकी ठेवा आणि आत टेकू द्या. "नीट करायचं" म्हणून उलगडलेली आणि मग वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलेली शेल्टरं हे या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे.

पत्रे बरेच ठिकाणी आरपार गेले असतील तर ते मातीशिवाय, नुसते उभे करून ठेवा. हिशेब साधा आहे. माथ्यावर १५ इंच माती म्हटली की तिचंच वजन दीड टनाच्या वर जातं, बाजूंचा दाब वेगळा. कुजलेल्या पत्र्याखाली आणि एवढ्या ओझ्याखाली मुलांना खेळायला सोडायचं नाही.

कमान वाकलेली असेल, किंवा जागा बदलणं भागच असेल, तरच पुढे जा.

## टप्पा ६: सुटं करणं

आधी माती. दोन्ही बाजूंची थोडी थोडी, आळीपाळीने. एक बाजू मोकळी करून दुसरी भरलेली ठेवली तर कमान तिरकी होते, आणि तिरक्या कमानीतला बोल्ट मग कशानेही निघत नाही. माथ्याची माती आधी, मग बाजू. वरचा हरळीचा थर चौकोन कापून सावलीत ठेवा, शेवटी लागेल.

बोल्ट खोलण्यासाठी घरातला मिलिमीटरचा पान्हा लावू नका. त्या काळचे ब्रिटिश आटे व्हिटवर्थ मापाचे. जवळपास बसणारा मेट्रिक पान्हा नटाचे कोपरे गोल करून टाकतो आणि मग कापण्याशिवाय उपाय राहत नाही. व्हिटवर्थ पान्हे जुन्या हत्यारांच्या दुकानांत मिळतात. भेदक तेल (गंजलेल्या फटींत शिरणारं पातळ तेल) सोडा, रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा. मग नट आधी किंचित *आवळण्याच्या* दिशेने हलवा, गंजाची पकड मोडते, आणि त्यानंतर सैल करा.

थांबा: गॅस कटर किंवा वेल्डिंगची ज्योत जस्ताच्या मुलाम्याला लावू नका. त्या धुराने थंडी वाजून ताप येतो आणि छाती भरते.

आधी पुढची-मागची भिंत, मग कमानी, शेवटी तळाची चौकट. निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच पत्र्याच्या क्रमांकाच्या डब्यात. नवे बोल्ट लावणार असाल तरी जुने ठेवा.

पत्र्यांना तारेचा ब्रश फक्त लाल गंजावर. राखाडी, मंद दिसणारा भाग म्हणजे शाबूत जस्त. तो घासून चमकवला की पुढच्या पावसाळी हिवाळ्यात तिथेच गंज धरतो. गंजाच्या जागी झिंक प्रायमर, बाकी धुऊन सोडून द्या.

## टप्पा ७: खड्डा

वीज, गॅस, पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या कुठून जातात ते आधी शोधा. शेजाऱ्याच्या बांधकामापासून तीन मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल जाणार असाल तर इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे किमान एक महिना आधी लेखी नोटीस लागते. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखीच घ्या.

माप साडेसात फूट बाय सहा फूट, खोली चार फूट. शेल्टरपेक्षा खड्डा मोठा का, तर पत्र्याच्या बाहेरून बोल्ट पकडायला हात शिरला पाहिजे. खड्डा नेमका शेल्टरएवढा खणणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे कडेला उभ्या भिंती ठेवून आत वाकून काम करणं. चार फुटांची ओली कड माणसाला चिरडायला पुरते. कडा उतरत्या घ्या किंवा फळ्यांनी रोखा, आणि उपसलेली माती काठापासून दूर टाका.

तीन फुटांवरच पाणी लागलं तर तिथेच थांबा. कमी खोलीवर बसवून वर आणि बाजूंना माती जास्त चढवा. पाण्याशी भांडून खोली गाठण्यात काही अर्थ नाही.

दाराची दिशा आत्ताच ठरवा. युद्धकाळात दार घराच्या भिंतीकडे तोंड करून, साधारण १५ फुटांच्या आत ठेवायला सांगत, नाहीतर समोर वेगळा आडोसा बांधावा लागे. आज बॉम्बची भीती नाही, पण मूळ रूप जपायचं असेल तर हे पाळा. पाऊस सरळ आत येत नाही, हा फायदा आजही मिळतो.

## टप्पा ८: चौकट आणि कमानी

तळाची लोखंडी चौकट खड्ड्यात ठेवा आणि पाणसळ लावा. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले म्हणजे चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. इथे अर्ध्या इंचाचा फरक "चालतंय" म्हणून सोडला, तर माथ्यावर भोकं जुळत नाहीत आणि मग लोक ड्रिल घेऊन मूळ पत्र्यात नवी भोकं पाडतात. ते कधीही करू नका. भोक जुळत नाही याचा अर्थ खाली काहीतरी चुकलंय. खाली जा आणि कर्ण पुन्हा मोजा.

मग कमानी मागून पुढे. एका कमानीला तीन माणसं: दोघे पत्रे उभे धरणारे आणि एक जण माथ्यावर बोल्ट घालणारा. पत्रे एकमेकांवर कसे चढलेले होते ते तुमच्या फोटोत बघा आणि तसेच चढवा. पुढच्या-मागच्या भिंतींचे पत्रे त्यानंतर.

सगळ्यात महत्त्वाचं: शेवटचा पत्रा लागेपर्यंत एकही बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. नट हाताने बसेल एवढंच. सगळं उभं राहिलं, ओळंबा पाहिला, कर्ण तिसऱ्यांदा मोजले, की मग माथ्यापासून खाली, डावा एक उजवा एक असे आवळत या. पहिली कमान कचकचून आवळून पुढे गेलेल्या माणसाची तिसरी कमान कधीच बसत नाही.

मागच्या भिंतीतला एक पत्रा आतून बोल्ट काढून सुटेल असा असायचा. दार ढिगाऱ्याने बंद झालं तर बाहेर पडायची ती वाट. त्या नटांची तोंडं आत आली आहेत ना, ते आत्ताच बघा. माती पडल्यावर हे सुधारता येत नाही.

## टप्पा ९: माती परत टाकणं

इथे घाई करणाऱ्यांनी उभं केलेलं शेल्टर माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा वाकलेलं आहे.

आत आधी लाकडी टेकू द्या. मग बाजूंची पोकळी भरायला घ्या. सहा इंचांचा थर डावीकडे, धुमसाने चोपा, तेवढाच उजवीकडे, चोपा, मग मागे. माथ्याला हात लावायचा नाही. बाजू जमिनीपर्यंत येऊन घट्ट बसल्या की दोन दिवस थांबा आणि आतली रुंदी मोजा. माप टिकलं असेल तरच वर चढा.

मूळ सूचनेप्रमाणे माथ्यावर किमान १५ इंच आणि बाजूंना व मागे ३० इंच माती हवी. बाजूंचा आकडा माथ्याच्या दुप्पट आहे, आणि लोक नेमकं उलटं करतात: माथ्यावर ढीग, बाजूंना पातळ उतार. पहिल्या पावसात तो उतार घसरतो आणि जमिनीलगतचा पत्रा उघडा पडतो. ढिगाचा पाया रुंद धरा.

दगड, विटांचे तुकडे, जुन्या फरशा मातीत मिसळू नका, चोपताना तेच पत्र्यात घुसतात. छोटा डिगरही कमानीवर किंवा काठावर आणू नका. फावडं आणि घमेलं, एवढंच. शेवटी जपून ठेवलेली हरळी लावा आणि मुळं धरेपर्यंत पाणी घाला. माती बांधून ठेवायला हरळीसारखं दुसरं काही नाही. झाडं, विशेषतः खोल मुळांची, लावू नका.

## टप्पा १०: वापरात आणताना

मूळ संचात दार नसे. घरोघरी लोक फळ्या किंवा जाड पडदा लावायचे. आज हलकं जाळीचं फाटक लावा, कुलूप बाहेरून, म्हणजे वाराही येईल आणि लहान मूल एकटं आत जाणार नाही. हवेची वाट पूर्ण बंद करू नका. आत कोळसा, गॅस किंवा रॉकेलची शेगडी पेटवायची नाही, अंगणात बार्बेक्यू चालू असताना पाऊस आला तरीसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सुटणाऱ्या मागच्या पत्र्याजवळ पान्हा आणि छोटं फावडं टांगून ठेवा. नटांना वर्षातून एकदा तेल द्या.

पहिला हिवाळा गेला की मार्चमध्ये पुन्हा आत जा आणि त्याच तीन ठिकाणी रुंदी मोजा. माप आधीच्या नोंदीपेक्षा कमी भरलं तर टेकू परत लावा आणि दोन्ही बाजूंची माती सारखीच उतरवा, जिथे फुगवटा दिसतो तेवढ्याच बाजूची नव्हे. मग कोपऱ्यातला पाण्याचा खड्डा बघा. बहुतेक वेळा तोच गाळाने भरलेला असतो.